मॅगी शेवटपर्यंत टॉमला का सोडत नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत. जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस'मध्ये लहानपणी एकमेकांवाचून न करमणारी टॉम आणि मॅगी ही भावंडं मोठेपणी इतकी दुरावतात कशी, हा एक. आणि टॉमने घराबाहेर काढल्यावरही मॅगी पुरात होडी घालून त्याच्याकडेच का जाते, हा दुसरा. मला दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. टॉम एकनिष्ठ आहे, फार एकनिष्ठ आहे; पण त्याची निष्ठा एका ठरावीक दिवशी बहिणीकडून बापाच्या शब्दाकडे वळते. मॅगीची निष्ठा मात्र माणसांवर असते, आणि तिची माणसं वाढत जातात.

सुरुवात बालपणापासून करावी लागेल, कारण पुढचं सगळं तिथेच पेरलेलं आहे. टॉम शाळेतून सुटीला घरी येतो तो मॅगीसाठी मासे धरायची नवी दोरी घेऊन. शाळेत पोरं टॉफी आणि जिंजरब्रेडसाठी पैसे काढत होती, त्यात हा सामील झाला नाही. त्यावरून मारामारी झाली तरी ऐकलं नाही. सगळी बचत बहिणीसाठी. आणि थोड्याच वेळात त्याला कळतं की त्याचे ससे मेले, कारण मॅगी त्यांना खायला घालायला विसरली. लगेच निकाल: तू मला आवडत नाहीस, उद्या तुला मासे धरायला नेणार नाही. मॅगी माळ्यावर जाऊन रडत बसते. दोरी आणणारा टॉम आणि निकाल देणारा टॉम एकच मुलगा आहे, हे एलियट पहिल्याच भेटीत दाखवून टाकते.

जॅम पफचा प्रसंग तर मी कितीही वेळा वाचायला तयार आहे. दोघं झाडाच्या फांदीवर बसून पफ खातायत आणि एक उरलाय. टॉम चाकूने त्याचे दोन तुकडे करतो, पण एका तुकड्यातला जॅम बाहेर आलाय. तो मॅगीला डोळे मिटायला लावतो: उजवा की डावा? ती म्हणते, मला तो जॅम गेलेलाच दे. नाही, असं चालणार नाही, नीट निवड. ती डावा म्हणते आणि चांगला तुकडा तिच्या वाट्याला येतो. ती कळवळून म्हणते, तू घे ना, मला दुसरा चालेल. तो जवळजवळ चिडूनच नाही म्हणतो आणि आपला तुकडा खाऊन टाकतो. मग तीही खायला लागते, मजेत, पाय हलवत. शेवटचा घास गिळते आणि टॉम म्हणतो, हावरट! नियम त्यानेच केला, तो पाळलाही, आणि आपण किती न्यायाने वागलो याची जाणीव तिला असायला हवी होती असंही त्यालाच वाटतं. मॅगीला न्याय नकोच असतो, तिला टॉम खूश हवा असतो. पुढे पाचशे पानं हाच झगडा चालतो, फक्त पफच्या जागी माणसं येतात.

मग घर बुडतं. पाण्याच्या हक्कावरून लढलेला खटला वडील, मिस्टर टलिव्हर, हरतात. आपल्या जमिनीचं गहाणखत आता विरुद्ध बाजूचा वकील वेकम याच्याकडे गेलंय हे कळल्यावर ते घोड्यावरून कोसळतात. टॉमला शाळेतून आणायला मॅगीच जाते. ती तेरा वर्षांची, तो सोळाचा. बालपणाचं दार त्यांच्यामागे कायमचं बंद झालं, असं एलियट तिथे लिहिते. पण माझ्या दृष्टीने खरी कलाटणी त्यानंतर आहे. वेकम टलिव्हरांची गिरणी विकत घेतो आणि टलिव्हरना तिथेच नोकरीला ठेवतो. त्या रात्री टलिव्हर घरचं मोठं बायबल काढायला लावतात आणि टॉमला त्यात लिहायला सांगतात: वेकमला कधी माफ करणार नाही, वेळ आली की त्याला आणि त्याच्या घरच्यांना याची किंमत मोजायला लावीन. मॅगी रडकुंडीला येऊन सांगते, बाबा, असं लिहू नका, हे पाप आहे. टॉम तिला गप्प करतो आणि लिहितो, खाली सही करतो.

टॉमची निष्ठा वळते ती या सहीने. त्यानंतर तो मावशीच्या यजमानांच्या, मिस्टर डीनच्या, कंपनीत राबतो, घरी तोंडातून शब्द काढत नाही, पै-पै साठवतो आणि वडिलांचं सगळं देणं फेडतो. विशीतला पोरगा हे करतो, आणि मॅगीच्या बाजूने बोलणारे वाचक याला फार पटकन ओलांडून जातात असं मला वाटतं. पण मॅगीची मैत्री नेमकी वेकमच्या मुलाशी, फिलिपशी. पाठीला कुबड असलेला हा हळवा मुलगा टॉमबरोबर शिकायला होता, टॉमचा पाय दुखावला तेव्हा त्याच्याजवळ बसून त्याला गोष्टी सांगायचा. मॅगी त्याला रेड डीप्सच्या झाडीत चोरून भेटते, पुस्तकं घेते, जवळजवळ वर्षभर. टॉमला कळतं तेव्हा तो तेच बायबल पुढे ओढतो, बापाने लिहायला लावलेलं पान उघडतो आणि तिला त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. मग तिच्यादेखत फिलिपच्या व्यंगावर बोलतो.

त्यावर मॅगी भावाला जे सुनावते ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो: तू आयुष्यभर दुसऱ्यांना दोष देत आलास, आपणच बरोबर अशी तुझी कायम खात्री असते, कारण तुझ्या क्षुद्र उद्दिष्टांपलीकडचं काही दिसेल एवढं मोठं तुझं मनच नाही. आणि तरीही त्या रात्री, फिलिपपासून तुटल्याचं दुःख होत असतानाच, तिला आत कुठेतरी सुटका झाल्यासारखं वाटतं. लपवाछपवी संपली. हे एक वाक्य वगळून वाचलं तर मॅगी नुसती दबलेली बहीण वाटते.

स्टीफन गेस्टच्या प्रकरणातही ती हाच धागा धरते. मावसबहीण लूसीचं लग्न याच्याशी होणार असं सगळे धरून चाललेले असतात. तो तिला होडीतून लांब घेऊन जातो, लग्न करू म्हणतो. ती नाही म्हणते: भूतकाळ आपल्याला बांधत नसेल तर मग कर्तव्य म्हणजे काय? ती परत येते, आणि टॉम दारातच सांगतो की या घरात तुला थारा नाही, तू माझी कुणी नाहीस. आपण ज्याला माहेर तुटणं म्हणतो ते हेच, आणि तेही लग्नाआधी. इथे बघा कोण कुठे उभं राहतं. आयुष्यभर पोरीच्या केसांची नि रंगाची काळजी करत आलेली, फारशी समज नसलेली आई म्हणते, पोरी, मी येते तुझ्याबरोबर, तुला आई आहे. आणि जिची मॅगीला लहानपणी सर्वात धास्ती, ती कडक मावशी मिसेस ग्लेग टॉमशी भांडते आणि मॅगीला आपल्या घरी आसरा देऊ करते. कारण तिच्या मते आपल्या माणसाचा गुन्हा सिद्ध होईपर्यंत त्याच्या बाजूने उभं राहायचं असतं.

म्हणून पूर आल्यावर मॅगी टॉमकडे जाते यात मला कोडं वाटत नाही. फिलिप, स्टीफन, लूसी ही तिची माणसं नंतरची. टॉम तिच्या पहिल्या आठवणीतला. बदलतो तो टॉम. खिडकीतून होडीत उतरल्यावर ती एकटी कशी आली हे त्याला उमगतं, आणि त्याच्या तोंडून लहानपणचं 'मॅग्सी' एवढंच निघतं. मग होडी बुडते आणि दोघंही एकत्रच जातात.

हा शेवट घाईचा वाटतो ही तक्रार जुनी आहे, आणि ती मला मान्य आहे. बालपणात आपण इतके रमलो की शेवटच्या शोकांतिकेची पुरेशी तयारी झाली नाही, हे खुद्द एलियटने पत्रात कबूल केलं होतं. ती का रमली याचं उत्तर तिच्या चरित्रात आहे. तिचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. तीन वर्षांनी मोठा भाऊ आयझॅक. जॉर्ज हेन्री ल्यूइसबरोबर ती लग्नाशिवाय राहत होती. १८५७ मध्ये तिने हे घरी कळवल्यावर आयझॅकने वकिलामार्फत उत्तर दिलं आणि संबंध तोडले. बहीण क्रिसीनेही पत्रं बंद केली. पुढे पश्चात्तापाचं पत्र लिहिलं आणि मार्च १८५९ मध्ये ती वारली. एलियट तेव्हा हीच कादंबरी लिहीत होती, ती १८६० मध्ये आली. आयझॅकचं पत्र आलं ते १८८० मध्ये, तिने जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केल्यावर. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती गेली.

पुन्हा वाचणार असाल तर पुराच्या प्रकरणाआधी तीन जागा काढा: तिसऱ्या भागातली बायबलची रात्र, पाचव्या भागातलं पाचवं प्रकरण, आणि सातव्या भागात मिसेस ग्लेग टॉमला झाडते ते तिसरं. या क्रमाने वाचलंत तर टॉमबद्दलचं तुमचं मत थोडं मवाळ होईल, आणि मॅगीचा निर्णय दुबळेपणाचा वाटणार नाही.