चिकट शंका : स्लाइम, भेंडी आणि गोगलगाय

प्रश्न : मुलीने पांढरा गोंद आणि टाकणखार (बोरॅक्स) वापरून घरी स्लाइम, म्हणजे खेळायचा लिबलिबीत, ताणला जाणारा गोळा केला. एकदा तो हाताला चिकटत राहिला, दुसऱ्यांदा ताणताच तुटला. प्रमाण काय घ्यावे?

उत्तर : पहिल्यांदा टाकणखार कमी पडला, दुसऱ्यांदा जास्त झाला. 250 मिली कोमट पाण्यात 1 सपाट चहाचा चमचा (सुमारे 4 ग्रॅम) टाकणखार पूर्ण विरघळवा. तळाशी दाणे राहिले तर ते पुढे बोटांना टोचतात. दुसऱ्या भांड्यात 100 मिली गोंद आणि 100 मिली पाणी एकजीव करा. रंग घालायचा असेल तर तो याच वेळी. मग टाकणखाराचे पाणी एकेक चमचा घालत ढवळत राहा. ते सगळे संपवायचे नसते. गोळा भांड्याची कड सोडू लागला की थांबा आणि 3-4 मिनिटे हाताने मळा. मळण्याआधी गोळा ओला आणि चिकट लागतोच. त्या घाईत आणखी टाकणखार घातला जातो आणि तिथेच बहुतेक स्लाइम बिघडतात.

गोंदात पॉलिव्हायनिल जातीचे, साखळीसारखे फार लांब रेणू असतात, एकमेकांवरून सहज घसरणारे. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेट आयन (विद्युतभार असलेले कण) तयार होतात. असा एक आयन शेजारच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरतो, पण ही पकड कायमची नसते. ती सतत सुटते आणि पुन्हा जुळते. हळू ओढले तर पकडींना सुटून नव्या जागी जुळायला वेळ मिळतो, म्हणून स्लाइम वाहतो. झटक्यात ओढले तर तो वेळच मिळत नाही आणि गोळा तुटतो. बोरेट जास्त झाले की पकडी इतक्या दाट होतात की हळू ओढूनही साखळ्या सरकत नाहीत.

घट्ट झालेल्या गोळ्यात थोडा पातळ केलेला गोंद मळा, किंवा लिंबाच्या रसाचे 2-3 थेंब घाला. आम्लामुळे बोरेटचे बोरिक ॲसिड होते आणि पकडी सुटतात. रस जास्त पडून गोळ्याचे पाणी झाले तर चिमूटभर खायचा सोडा घाला, पुन्हा जमेल. हा उलटसुलट प्रयोग मुलांना जरूर करू द्या. नुसत्या खेळण्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त शिकायला मिळते. गोंद घेताना मात्र लेबल वाचा. पिठाची खळ या कृतीत चालत नाही.

प्रश्न : टाकणखाराऐवजी कॅरमची पावडर चालेल का? आणि हे सगळे मुलांना सुरक्षित आहे का?

उत्तर : कॅरमची पावडर बऱ्याचदा बोरिक ॲसिडची असते, पाकिटावर तसे लिहिले असेल तर चालेल. फक्त बोरिक ॲसिड आम्लधर्मी असल्यामुळे एकट्याने नीट काम करत नाही. त्यासाठी गोंदात आधी अर्धा चमचा खायचा सोडा मिसळा. काही कृतींमध्ये कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण आणि सोडा घेतात, त्यामागचे कारणही हेच. त्या द्रावणात बोरिक ॲसिड असावे लागते. नसले तर स्लाइम जमत नाही.

टाकणखार आणि बोरिक ॲसिड ही दोन्ही पोटात गेल्यास विषारी आहेत. द्रावण मोठ्यांनीच करावे, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि खेळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हाताला जखम असेल तर खेळ टाळा. तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलांच्या हाती हा स्लाइम देऊच नका. त्यांच्यासाठी 2 वाट्या कॉर्नफ्लोअर आणि 1 वाटी पाणी कालवा. मूठ आवळली की घट्ट, सोडली की पातळ! इथे पकडी नसतात. दाब पडताच पिठाचे कण एकमेकांवर अडकतात. मात्र हे मोरीत ओतू नका, पीठ खाली बसून नळी तुंबते.

प्रश्न : भेंडीची तार आणि गोगलगायीचा चिकटपणा हाही स्लाइमच का?

उत्तर : लांब साखळ्यांनी पाणी धरून ठेवायचे, हे तत्त्व सारखे आहे. भेंडीतल्या साखळ्या साखरेच्या घटकांच्या असतात. त्यांच्यावरचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे साखळ्या पसरतात आणि तार सुटते. आमसूल किंवा लिंबू घातले की हे भार कमी होतात, साखळ्या आकसतात आणि तार तुटते. म्हणजे लिंबू स्लाइमवरही चालते आणि भेंडीवरही, पण दोन्हीकडे कारण निराळे. भेंडी धुऊन कोरडी करून मगच चिरा, कारण पाणी मिळाले की ही तार वाढते.

गोगलगायीचा स्राव याहून विलक्षण आहे. त्यात 95 टक्क्यांहून जास्त पाणी असते, बाकी प्रामुख्याने प्रथिने आणि शर्करा. थोडा ताण असेपर्यंत तो घन पदार्थासारखा धरून ठेवतो. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की एकदम पातळ होतो आणि ताण सरताच पुन्हा घट्ट. गोगलगायीच्या तळव्यातून स्नायूंच्या लाटा सरकतात. लाटेखाली स्राव पातळ होऊन तेवढा भाग पुढे जातो, लाटांमधला भाग तोवर चिकटून राहतो. उभ्या भिंतीवर ती न घसरता चढते ती यामुळेच.

प्रश्न : सोफ्याला चिकटून वाळलेला स्लाइम कसा काढावा?

उत्तर : जमेल तेवढा बोथट सुरीने खरवडा. उरलेल्यावर पांढरे व्हिनेगर ओतून 10 मिनिटे ठेवा, मऊ झाला की ओल्या फडक्याने टिपा. कापडाचा रंग जातो का, हे आधी कोपऱ्यात पाहून घ्या. गरम पाणी ओतून चोळू नका. स्लाइम धाग्यांत आणखी खोल शिरतो.