दोन दिवस पाण्याकाठी आणि हाती एकही मासा नाही

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत: मुलांची गळाने मासे पकडायची स्पर्धा आणि त्यासाठी तळ्याकाठी केलेला रात्रीचा मुक्काम. मी भोयाची लेक. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पोरांना घेऊन पाण्यावर गेले. म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. पाच पत्रांना उत्तरं देते.

बाई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तो धरणावरच्या स्पर्धेला गेला होता. दोन्ही दिवस पहाटे सहा ते नऊ गळ टाकून बसला, पण एकही मासा लागला नाही. शेजारच्या मुलाला तीन मिळाले. घरी येताना गाडीत रडला आणि काठी माळ्यावर टाकली. "मला मासे येतच नाहीत," म्हणतो. हे म्हणतात, लहान मुलांच्या अशा स्पर्धाच नकोत. मी त्याला काय सांगू?
— एक आई, इंदिरानगर

ताई, "जाऊ दे, नशीब" असं मात्र त्याला सांगू नका. नशिबाचा यात फार थोडा भाग आहे, आणि मुलाला ते कळतं.

आधी वेळेचं बघू. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे पहाटे काय गारठा असतो ते तुम्ही जाणता. माशाचं रक्त आपल्यासारखं ऊबदार नसतं. पाणी जेवढं गार, तेवढाच तोही गार. अशा पाण्यात रोहू, मृगळ सुस्तावतात, त्यांची भूक मंदावते. उन्हं वर आली, उथळ पाणी थोडं तापलं, की दहा-अकरानंतर ते काठाकडे येऊन खायला लागतात. "पहाट ही माशांची वेळ" हे उन्हाळ्यात खरं. डिसेंबरात पहाटे सहाला मुलांना बसवणं म्हणजे झोपलेल्या गिऱ्हाइकासमोर दुकान मांडणं. ही चूक वेळापत्रक ठरवणाऱ्यांची, तुमच्या लेकाची नव्हे.

मग शेजारच्याला तीन कसे लागले? तुमच्या मुलाला एक प्रश्न विचारा: "तुझा गळ किती खोल होता?" आपल्या धरणातले तीन मोठे मासे तीन मजल्यांवर राहतात. कटला वरच्या थरात खातो, म्हणून त्याचं तोंड वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी, गाळ हुंगत. शेजारच्या मुलाची तरंगी दोरीवर वेगळ्या जागी बांधलेली असेल, त्यामुळे त्याचं आमिष वेगळ्या मजल्यावर पोचलं असेल. किंवा त्याच्याकडे शेंगदाण्याची पेंड कालवलेली कणीक असेल आणि तुमच्याकडे साधी. यातलं काही तुमच्या मुलाच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल, तर तो रिकाम्या हाताने परतलेला नाही.

माझे वडील सोमेश्वरच्या खाली गोदावरीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी मला बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, दिला, आणि सलग चार रविवार मला काही लागलं नाही. ते एकदाही काही बोलले नाहीत. पाचव्या रविवारी फक्त म्हणाले, "पोरी, खंड्या कुठं बुडी मारतोय बघ." मी जागा बदलली. त्या दिवशी बोटाएवढी खवली लागली. तिचा आकार मला अजून आठवतो.

स्पर्धा नकोतच, हे मला पटत नाही. बक्षीस कशाला द्यायचं, ते बदलायला हवं. एकूण वजनावर बक्षीस ठेवलं, की मुलं फक्त वजन बघतात. एका शिबिरात मी पाहुणी म्हणून गेले होते. वजन करायचं म्हणून सगळे मासे सकाळपासून एका प्लॅस्टिकच्या टबात ठेवले होते, उन्हात. बक्षीस समारंभ झाला संध्याकाळी, तोवर सगळे मेले होते. ते पाण्यात सोडताना पोरांची तोंडं मी पाहिली. त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे दोनच गोष्टी मागितल्या: लांबी मोजा आणि लगेच सोडा, आणि एक बक्षीस वहीला द्या. कुठे बसलो, किती खोल, आमिष काय, ऊन की सावली, काय लागलं, काय नाही. ज्या मुलाला काहीच लागलं नाही, त्याची वही बहुतेकदा सर्वांत भरलेली असते, कारण त्याने सगळं करून पाहिलेलं असतं.

ताई, एका रविवारी जेवण आटोपून त्याला घेऊन जा. दुपारी अकरा ते तीन. काठी माळ्यावरून तुम्ही काढू नका, त्यालाच काढू द्या.

आम्ही कॉलनीतली तरुण मंडळी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर चाळीस मुलांची दोन दिवसांची स्पर्धा आणि एक रात्र तंबूत मुक्काम असं ठरवतोय. तंबू, काठ्या, जेवण सगळं जमलंय. अजून काय बघावं लागेल?
— एक आयोजक, गंगापूर रोड

दादा, सगळ्यात आधीचं राहिलंय. परवानगी. धरणातला मासा मोकळा दिसतो, पण तो कुणाचा तरी असतो. आपल्याकडे जलाशयांमधली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. ती माणसं पावसाळ्यात स्वतःच्या पैशाने मत्स्यबीज सोडतात. त्यांना न विचारता चाळीस गळ पाण्यात टाकणं म्हणजे न विचारता द्राक्षबागेत शिरणं. संस्थेकडे जा, चहा प्या, त्यांच्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाला मुलांना शिकवायला बोलवा आणि त्याला रीतसर मानधन द्या. तुमच्या स्पर्धेतला तोच सर्वोत्तम शिक्षक असेल. जलसंपदा विभागाकडूनही लेखी घ्या. भिंत आणि सांडव्याच्या बाजूला जायचंच नाही.

आणि हे पाणी नाशिक पितं. काठावर साबणाने भांडी घासायची नाहीत, शौचाची सोय पाण्यापासून लांब, चढावर नको. मुलांना हे आधी सांगा. आपल्याच नळाचं पाणी म्हटलं की ती पटकन समजतात.

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. फुगवट्याचा काठ दिसतो तसा नसतो. पाणी ओसरलं की वरून कडक पपडी धरते आणि खाली गुडघाभर गाळ असतो. दोन पावलं पुढे जुन्या नदीचा काठ तुटलेला असतो, तिथे एकदम खोली. पोहणारा मुलगासुद्धा गाळात पाय अडकला की घाबरतो. म्हणून काठापासून दहा फुटांच्या आत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, मोठ्यांच्याही. दोन मोठी माणसं अशी ठेवा की ज्यांचं काम फक्त पाण्याकडे बघणं. हातात काठी नाही, मोबाइल नाही, दर अर्ध्या तासाने बदली. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तो गप्प होतो. दर वीस-पंचवीस पावलांवर झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन लांब दोरीला बांधून ठेवा. कुणी पाण्यात गेलं तर कॅन फेकायचा, आपण उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, हे मी आयुष्यात दोनदा ऐकलंय आणि एकदा ओळखीच्या घरात. बाहेर काढलेल्याचं पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास, छातीवर दाब, आणि १०८.

गळाबद्दल थोडक्यात. काठी मागे नेण्याआधी मागे बघायचं, हे मुलांकडून दहादा म्हणवून घ्या. डोळ्यांवर साधा का होईना चष्मा हवा. गळाच्या टोकाशी आतल्या बाजूला जो उलटा काटा असतो, तो पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सुटताना फाटत नाही आणि पोराच्या बोटात शिरला तरी निघतो. डोळ्याजवळ रुतला, तर हात लावू नका. तंगूस कापा, डोळ्यावर दाब न देता झाका आणि दवाखाना गाठा. कार्बनच्या काठ्या आणल्या असतील तर काठावर वरून विजेच्या तारा गेल्यात का बघून घ्या. कार्बनमधून वीज वाहते.

मासा सोडायचा म्हणजे फेकायचा नाही. हात आधी ओले करायचे. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याचं कवच आहे, कोरड्या हाताने तो निघून येतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही. ओल्या फळीवर फूटपट्टी आखून ठेवा, मोजा, फोटो काढा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पाण्यात. पाण्यातही त्याला सरळ धरून ठेवायचं, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत. एवढं करूनही काही मासे मरतात. मुलांपासून ते लपवू नका.

चिलापीचं वेगळं. हा मासा आपला नव्हे, आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला आणि तळ्यातळ्यांत इतका माजला की देशी माशांना जागा उरेना. संस्थेची हरकत नसेल तर चिलापी परत सोडू नका, रात्री तळून खा. एका रात्रीच्या मुक्कामाचं जेवण त्यातच निघेल.

रात्र. तंबूची चेन कायम बंद. उघड्यावर, जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, माणूस झोपेतच राहतो. पहाटे कुणाच्या पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, पोटात दुखलं, तर खूण शोधत बसू नका, आवळपट्टी बांधू नका, थेट मोठं सरकारी रुग्णालय. मुक्कामाला निघण्याआधी रस्ता आणि गाडी दोन्ही ठरलेली असावीत. बूट घालण्याआधी झटका, विंचवाला बूट फार आवडतो. आणि कितीही कुडकुडलात तरी तंबूत पेटती शेगडी नेऊ नका. कोळशाच्या धुराला वास असतो, पण त्यातला जो वायू मारतो त्याला वास नसतो.

महिना कोणता, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जून ते ऑगस्ट नाही, तेव्हा मासा अंडी घालतो. मे नाही, पाणी कमी आणि तापलेलं, त्यात प्राणवायू कमी, धरून सोडलेला मासा जगत नाही. फेब्रुवारीचा शेवट उत्तम होता, पण तेव्हा परीक्षा. दिवाळीची सुट्टी घ्या. धरण भरलेलं असतं, पाणी कोमट असतं आणि मुलं मोकळी असतात.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षीही दिसतील आणि मासेमारीही होईल, एका दगडात दोन पक्षी. तिथे मुलांची स्पर्धा घेता येईल का?
— वाचक, निफाड

नाही. ते अभयारण्य आहे, आणि रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं. मुलांना तिथे दुर्बीण घेऊन न्या, गळ घेऊन नको. बाकी कुठेही स्पर्धा घेतलीत तरी निघताना तंगुसाचा तुकडान् तुकडा वेचा. तो कुजत नाही. पाणकावळ्याच्या पायात गुंतलेला तंगूस मी कापून काढलाय, आणि एकदा उशीर झाला होता.

आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. नातीच्या मैत्रिणी मासे पकडायच्या शिबिराला चालल्यात, तीही हट्ट धरून बसली आहे. नाही म्हणावं तर ती हिरमुसते, हो म्हणावं तर मनाला लागतं. जीव धरायचा, त्याला टोचायचं, पुन्हा सोडायचं, यात मुलांना आपण काय शिकवतो?
— एक आजोबा, त्र्यंबकेश्वर

आजोबा, तुमचा प्रश्न मला टोचला, आणि तो टोचायलाच हवा. माशाला दुखत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. गळ लागल्यावर तो ज्या तऱ्हेने ओढतो, ते ज्याने हातात अनुभवलंय तो असं म्हणणार नाही. आमच्या घरात मासा हे पोट होतं. तरी वडील पहिला पाग टाकण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायचे. तुमची माळ आणि आमचा पाग एकाच गोदावरीच्या काठचे.

नातीला जाऊ द्या, पण गळ न धरता. प्रत्येक शिबिरात मोजणी करणारा, नोंद ठेवणारा आणि सोडलेला मासा नीट गेला का हे बघणारा माणूस लागतो. आयोजकांना तसं स्पष्ट सांगा, आणि जेवण वेगळ्या भांड्यात मागा. मागण्यात संकोच करू नका. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. पण तुमच्या मनाला का लागतं, हे तिला तुम्हीच सांगा, जाण्याआधी.

बाई, दिवाळीत मामाच्या गावी तळ्यावर माझ्या गळाला चिलापी लागली. वर काढल्यावर तिच्या तोंडातून खूप छोटी छोटी पिल्लं पाण्यात पडली. मी घाबरून तिला लगेच सोडून दिलं. मामेभाऊ हसला. ती पिल्लं मेली का?
— इयत्ता आठवीतली मुलगी, सिन्नर

बाळा, तू जे पाहिलंस ते पुष्कळ मोठ्या माणसांनी पाहिलेलं नसतं. चिलापीची आई अंडी तोंडात ठेवते. पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस ती धोका दिसला की तिच्या तोंडात परत शिरतात. त्या काळात ती सहसा खात नाही. तुझा गळ पिल्लांच्या फार जवळ आला असावा, म्हणून त्याला हुसकायला तिने तोंड मारलं असेल. भीतीने ती पिल्लं थुंकते, तेच झालं.

सगळी मेली असं नाही. पोहता येणारी असतील तर काठच्या गवतात शिरली असतील, काही दुसऱ्या माशांनी खाल्ली असतील, आणि तू आईला लगेच, त्याच जागी सोडलंस, म्हणून काही तिच्या तोंडात परतही गेली असतील.

वर मी आयोजकांना लिहिलंय की चिलापी परत सोडू नका. ते वाचून तुला वाटेल, आपण चुकलो. तळ्यासाठी माझं म्हणणं खरं आहे आणि मी ते मागे घेत नाही. पण तुझ्या वयात मी तिथे असते, तर मीही तिला सोडलंच असतं. भाऊ हसला तर हसू दे.

एक मात्र तू लिहिलं नाहीस. पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी होती की नखाएवढी? आणि पाण्यात पडल्यावर ती खाली गेली की लगेच पोहायला लागली? आठवत असेल तर कळव.