विषय कळतो, बोलताही येतं, पण असाइनमेंट लिहायला बसलं की पान कोरंच राहतं

"मॅडम, मला विषय येतो हो, कुणी विचारलं तर मी अर्धा तास बोलेन, पण लिहायला बसले की काही सुचतच नाही, मला बहुतेक लिहिताच येत नाही." थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्याकडे येणारी कितीतरी मुलंमुली बोलतात, पहिल्या वर्षाची पण आणि थीसिस अर्ध्यावर आणून ठेवलेली पण. म्हणून आज एका मुलीबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

शाळेत कायम वरच्या नंबरात असलेली मुलगी. युनिव्हर्सिटीत आली आणि पहिल्याच असाइनमेंटवर शेरा आला, "माहिती भरपूर आहे, पण तुमचं म्हणणं काय?" दुसऱ्या वेळी पण तेच. मग प्रत्येक सबमिशनच्या आधी पोटात गोळा, शेवटच्या रात्री जागून कसंबसं संपवायचं, आणि एक असाइनमेंट तर तिने दिलीच नाही. तिचं ठाम मत होतं की आपली भाषा कच्ची आहे, आणि व्याकरणाचा क्लास लावू का हे विचारायला ती आली होती.

मी म्हटलं, आधी फाइल उघड. विषय होता मोबाइल आणि किशोरवयीन मुलांची झोप. फाइलमध्ये एकच परिच्छेद. जुन्या व्हर्जन्स बघितल्या तर सगळीकडे तोच परिच्छेद, म्हणजे "आजच्या आधुनिक युगात मोबाइल हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे", मग "अविभाज्य अंग", मग "आधुनिक" उडवलेलं, मग परत "घटक". खाली काहीच नाही. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात, क्लासचा विषय तिथेच संपला.

माइक रोझ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८० साली एक छोटा अभ्यास मांडला होता, दहा कॉलेज विद्यार्थी, त्यातले पाच लिहिताना अडकणारे आणि पाच न अडकणारे. हुशार सगळेच होते, पण अडकणाऱ्यांच्या डोक्यात कडक नियम बसलेले होते, पहिल्या परिच्छेदानेच वाचकाला धरून ठेवलं पाहिजे, वाक्य पहिल्या झटक्यात बिनचूकच आलं पाहिजे, असे. हे तिला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण सुरुवात नीट झाल्याशिवाय पुढे कसं जायचं?" हाच तो नियम. प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते, उलट तेव्हाच ती बरी लिहिता येते कारण आपण नक्की काय मांडलंय हे तोवर आपल्याला कळलेलं असतं.

मग मी लॅपटॉप माझ्याकडे घेतला आणि म्हटलं, तू वाचलेलं मला सांग, मी टाइप करते. ती सांगायला लागली की एका अभ्यासात मुलांना विचारलंय तुम्ही किती तास झोपता, आणि दुसऱ्यात मनगटावर यंत्र बांधून मोजलंय, आणि विचारून केलेल्यात तास जास्त दिसतात कारण आपण अंथरुणात पडून असतो तो वेळ पण झोपेत धरतो, मग या दोन आकड्यांची तुलना सरळ कशी करायची? मी टाइप केलेलं तिच्यासमोर ठेवलं. "हे तुझं म्हणणं." तिला पटेना. तिला वाटत होतं स्वतःचं म्हणणं म्हणजे काहीतरी मोठं, नवीन, आजवर कुणीच न सांगितलेलं. असाइनमेंटमध्ये बहुतेक वेळा ते एवढंच असतं: दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि त्यांच्यात फरक का पडला हे कारणासकट सांगायचं. "अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं" एवढ्यावर थांबलं की सरांचा तो शेरा येणारच.

पुढच्या काही भेटींत आम्ही लिहिणं आणि सुधारणं वेगळं केलं. लिहिताना मागे जाऊन खोडायचं नाही, शब्द आठवला नाही तर कंस टाकून पुढे जायचं, रेफरन्स सापडत नसेल तर तिथे "शोध" लिहून ठेवायचं. हे तिला फार जड गेलं, खरंच सांगते, हात आपोआप बॅकस्पेसवर जायचा तिचा. ड्राफ्ट झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला चारपाच शब्दांत लिहायचं की हा इथे काय काम करतोय. जिथे काही लिहिता येत नाही तो परिच्छेद काढायचा किंवा फोडायचा. तिचे दोन परिच्छेद एकच काम करत होते, ते असेच सापडले.

अजून एक भीती होती, कॉपीची. पेपर समोर उघडा ठेवून एकेक शब्द बदलत लिहायची ती, आणि मग तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टक्के किती येतील म्हणून रात्रभर झोप नाही. ते टक्के फक्त मजकूर कुठे कुठे जुळतो एवढं दाखवतात, त्यात रेफरन्स यादी पण मोजली जाऊ शकते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चोरी ठरत नाही. पण शब्द बदलून वाक्याचा सांगाडा तोच ठेवला तर आकडा कमी येऊनही ती नक्कलच राहते. पेपर वाचा, बंद करा, काय कळलं ते आपल्या वाक्यात लिहा, मग उघडून पडताळा. आणि कुणाचं आहे ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, नंतर शोधत बसलं की हमखास घोळ होतो.

पुढची असाइनमेंट तिने वेळेत दिली. शेरा होता की तुलना चांगली, निष्कर्ष घाईत झालाय. निष्कर्ष खरंच घाईत झाला होता, पण "तुमचं म्हणणं काय" हा प्रश्न यावेळी नव्हता.

तुमचंही असंच होत असेल तर आधी बघा की तुम्ही नेमके कुठे अडकता. वाचताना-लिहिताना लहानपणापासूनच अक्षरं, स्पेलिंग यांचा त्रास असेल तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या, आणि झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं असेल तर हा नुसता लिहिण्याचा प्रश्न नाहीये, समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. बाकीच्यांनी सबमिशनची वाट न बघता एकच परिच्छेद घेऊन सरांकडे जा. "हे ठीक आहे का?" असं विचारू नका, त्याला "हो, ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. विचारा, "यात माझा मुद्दा तुम्हाला कितव्या वाक्यात कळला?"