केदारनाथचं मंदिर खरंच पांडवांनी बांधलंय का?

पांडवांनी बांधलं ही श्रद्धा आहे, आणि तिथे गेल्यावर ती पदोपदी भेटते. सभामंडपात पाची पांडव, कुंती आणि द्रौपदीच्या मूर्ती आहेत. गाभाऱ्यातली ओबडधोबड त्रिकोणी शिळा म्हणजे पांडवांना चुकवायला बैलाचं रूप घेतलेल्या शंकराची पाठ, असं मानतात. भाविक तिला हाताने तूप चोळतात. बाहू तुंगनाथला, मुख रुद्रनाथला, नाभी मध्यमहेश्वरला आणि जटा कल्पेश्वरला प्रकटल्या, म्हणून हे पंचकेदार.

इतिहास म्हणाल, तर मला मोलाची वाटते ती मध्य प्रदेशातल्या उदयपूरची प्रशस्ती, म्हणजे राजांची स्तुती कोरलेला शिलालेख. माळव्याच्या भोजराजाने ज्या देवांची मंदिरं उभारली त्यांत तिने रामेश्वर, सोमनाथाबरोबर केदारेश्वराचंही नाव घेतलंय. भोज अकराव्या शतकातला. त्याने बांधलेलं देऊळ नेमकं कुठलं यावर वाद घाला, पण तेव्हा केदाराची कीर्ती माळव्यापर्यंत पोचली होती एवढं नक्की. पुढे अहिल्याबाई होळकरांनीही केदारनाथला धर्मशाळा बांधली.

माझ्या मते मात्र खरा इतिहास तिथल्या रिवाजात आहे. केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य आचार्य, कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेचे. ते स्वतः पूजा करत नाहीत, त्यांचे शिष्य करतात. बद्रीनाथचे रावळ केरळचे नंबुदिरी. हिमालयातल्या देवाची सेवा पार दक्षिणेकडून आलेल्या माणसांकडे, हे मला फार थोर वाटतं.

मंदिर सुमारे ३,५८० मीटरवर आहे, हिवाळ्यात तिथे राहणं अशक्य. म्हणून भाऊबीजेला कपाट, म्हणजे मंदिराचं दार, बंद होतं आणि देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. उन्हाळ्यात कपाट कधी उघडायचं तो मुहूर्त महाशिवरात्रीला तिथेच जाहीर होतो.

जून २०१३ मध्ये मंदिराच्या वरचं चोराबारी तळं फुटून मंदाकिनी नदीला लोंढा आला. हजारो माणसं गेली, वाटेतलं रामबाडा नकाशावरून पुसलं गेलं. मंदिरामागे एक प्रचंड शिळा येऊन अडली, पाणी दोन्ही बाजूंनी फुटलं आणि मूळ वास्तू वाचली. त्या शिळेला आता भीमशिला म्हणतात.

जाणार असाल तर हेलिकॉप्टरने वर जाऊन लगेच परतू नका. गौरीकुंडहून चाला, आणि उतरल्यावर उखीमठला एक मुक्काम ठेवाच. तिथे गर्दी कमी असते, पुजारी निवांत बोलतात.