सून बाळंत होऊन तीन आठवडे झाले, अजून सारखी रडते. दृष्टही काढली. दवाखान्यात न्यावं का? (कोरेगाव, सातारा)

हो, न्या, याच आठवड्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं बहुतेक बाळंतिणींना होतं, पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. तुमच्याकडे तीन होऊन गेलेत. मी आशा कार्यकर्ती आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४२ दिवसांत आमच्या सहा भेटी असतात. बाळाचं वजन सगळे विचारतात, बाळ झोपल्यावर तरी आईला झोप लागते का, हे कुणीच विचारत नाही. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, फार बरं केलंत. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं असतात, फक्त पाजते हे डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, त्यांच्यामुळेही असा थकवा आणि उदासी येते.

मात्र तिला भास होत असतील, ती असंबद्ध बोलत असेल किंवा स्वतःला, बाळाला काही करण्याचं बोलत असेल, तर आठवडा सोडा, आत्ताच न्या. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं ठेवू नका.