शेवटच्या पंगतीला बस

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीतल्या अभ्यासाचं वेळापत्रक पाठवलंस, ते पाहिलं. रोज सहा तास अभ्यास, आणि तोही वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत! वाचून हसलो, राग मानू नकोस. मीही एकेकाळी असंच वेळापत्रक करून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. दिवाळी झाल्यावर ट्रंक उघडली तेव्हा ते दिसलं, तोवर ट्रंक उघडण्याचीच वेळ आली नव्हती.

एकच विषय ने, जो सगळ्यात जड जातोय तो. दुपारी दोन ते चार घर झोपतं, तेवढे दोन तास त्याला दे. नरकचतुर्दशीला ते जमणार नाही, कारण पहाटे उटणं लावून उठवलेला माणूस दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून घोरतो. बाकीची पुस्तकं खोलीवरच राहू देत. बॅगेत जागा लागेल, त्याचं पुढे सांगतो.

आता पोटाचं बोलू. सहा महिने मेसचं पाणीदार वरण, रबरासारखी पोळी, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद म्हणून वडापाव. असं पोट घेऊन तू महाराष्ट्र एक्स्प्रेसने सकाळी भुसावळला उतरणार, आणि दहा वाजता तुझ्यापुढे भरलेलं ताट येणार. दारातच कुणीतरी म्हणेल, “किती वायला रे भो!”, म्हणजे किती वाळलास. तुझं वजन खरं तर दोन किलोने वाढलंय, पण हे वाक्य वजन बघून म्हणत नाहीत. आईला आधीच फोन करून सांग की पहिल्या दिवशी फक्त खिचडी, वर लसणाची फोडणी घातलेलं तेल आणि भाजलेला पापड. ती खट्टू होईल. तरी सांग. दुसऱ्या दिवसापासून तुला सोडणार नाहीच ती. पहिल्याच दिवशी चिवडा, शेव आणि चार करंज्या एकदम खाऊन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ओव्याच्या पाण्यावर पडून राहिलेले बरेच विद्यार्थी मी पाहिलेत. त्यातला एक मी.

आग्रहाचं एक तंत्र आहे. “नको” म्हणू नये. नको म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो. पहिल्यांदाच थोडं कमी घ्यावं आणि दुसऱ्या वेळी स्वतःहून “अर्धी द्या” म्हणावं. मागून घेतलेली अर्धी पोळी आग्रहाने वाढलेल्या दोन पोळ्यांपेक्षा मामीला जास्त आवडते. ताट मात्र रिकामं ठेवून बसू नकोस. रिकामं ताट म्हणजे निमंत्रण. भाकरीचा एक तुकडा शेवटपर्यंत राखून ठेव.

हे सगळं वरवरचं झालं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने.

तुमचं घर मोठं. दोन काका, आत्या, त्यांची मुलं, आजी-आजोबा असे सगळे दिवाळीला जमतात म्हणालास. म्हणजे पंगती होणार. पहिली आजोबा, काका, पाहुणे आणि मुलांची. मग उरलेल्यांची. स्वयंपाक करणाऱ्या बायका सगळ्यात शेवटी. तुला पहिल्या पंगतीत बसवतील, कारण तू पुण्याहून आलेला, शिकणारा, सुट्टीचा पाहुणा. तिथे बसू नकोस. वाढायला उभा राहा आणि जेव शेवटच्या पंगतीला.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीत चार दिवस पहिल्या पंगतीत बसून जेवलो. एक दिवस तर “कुरडई नीट तळली नाही” असंही म्हणालो, म्हणजे बघ. पाडव्याला पुरणाचे मांडे होते. तू घरी पाहिले असशीलच, उपडं घातलेलं खापर, खाली जाळ, आणि पुरण भरलेली पोळी हातांवरच झुलवत रुमालाएवढी मोठी करून त्यावर टाकायची. एकीने भरायची, दुसरीने हातांवर वाढवायची, तिसरीने जाळ सांभाळायचा. सकाळपासून तिघी त्यातच होत्या. आम्ही जेवून ओट्यावर आडवे झालो. चारच्या सुमाराला तहान लागली म्हणून आत गेलो, तर आई, काकू आणि आत्या भिंतीला टेकून जेवत होत्या आणि हसत होत्या. हसणं कसलं, आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी उंबरठ्यावर आलो आणि हसणं थांबलं. काकूने पदर सारखा केला. आई म्हणाली, “काय पाहिजे रे?”

त्यांच्या ताटात मांडा नव्हता. मोडलेले काठ होते, पुरणाच्या कटाची रशी होती आणि सकाळची बाजरीची भाकरी. पण मला लागलं ते हे नाही. मला लागलं ते हसणं थांबल्याचं. स्वतःच्या घरात मी आत आलो आणि माणसं गप्प झाली, जसं साहेब आल्यावर होतात.

पुढच्या दिवाळीत मी वाढायला उभा राहिलो. पहिले दोन दिवस काकांनी टर उडवली, “बीएस्सी करून वाढपी झाला!” दुसऱ्या दिवशी माझ्या हातून रशीचं भांडं एका पाहुण्याच्या धोतरावर कलंडलं. शेवटच्या पंगतीला बसलो तरी बायका अवघडूनच होत्या. तिसऱ्या दिवशी विसरल्या. आणि त्या दिवशी काकू सहज बोलता बोलता म्हणाली की माझी फी भरायची होती म्हणून आदल्या वर्षी कापूस घरबसल्या, पडत्या भावात दिला. आई म्हणाली, “गप गं.” काकू गप्प बसली नाही. मी हातातला घास तसाच धरून ऐकत राहिलो. वडिलांनी हे मला जन्मात सांगितलं नसतं. पहिल्या पंगतीत पीकपाणी, निवडणूक आणि कुणाचा ट्रॅक्टर कितीला गेला याच्यावर बोलणं होतं. घराचा खरा हिशेब शेवटच्या पंगतीत निघतो.

वाढायला लागलास की तुला आणखी एक गोष्ट कळेल, कोण काय खात नाही. खाणाऱ्याला आपलंच ताट दिसतं. भाऊबीजेच्या आसपास तुमच्या मळ्यात भरिताचा बेत होईलच. हंगाम खरा थंडीतला, पण सुट्टीला आलेल्यांसाठी तो ओढून अलीकडे आणतात. बामणोदकडची ती पांढुरकी हिरवी वांगी, अर्धा-पाऊण किलोचं एकेक, गेल्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, ठेचलेली हिरवी मिरची-लसूण, मूठ मूठ कांद्याची पात. 2016 मध्ये जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत एक जण म्हणाला, “म्हणजे आता महाग होईल.” तर ते असो. तू भरिताचं पातेलं घेऊन आजीपुढे जाशील तेव्हा ती ताटावर हात आडवा धरेल. तिचा चातुर्मास असणार. आषाढी एकादशीपासून वांगं बंद, ते कार्तिकी एकादशीपर्यंत. काहीजणी तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईपर्यंत वांग्याला शिवत नाहीत. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेची, म्हणजे एकादशीला नऊ दिवस कमी पडतात. सगळं घर ज्यासाठी मळ्यात जमलंय ते ती दरवर्षी नुसतं बघत असते, आणि बहुधा मिरच्या निवडून देण्याचं काम तिच्याकडेच असतं. तू इतकी वर्षं ते भरीत खाल्लंस, तुला हे माहीत होतं का? माझ्या आजीचं मला तिच्या माघारी कळलं. तिच्यासाठी वेगळं काहीतरी आधीच करून ठेवायला सांग, साधं पिठलं चालेल, पण कांदा-लसणाचं आधी विचार. आणि ते तू वाढ.

वाढताना फार शहाणपणा करू नको. बायकांनी शेवटी का जेवायचं यावर पहिल्याच दिवशी भाषण ठोकलंस तर आई आणि काकूच तुला बाहेर काढतील. बोलायचं असेल तर वर्षभराने बोल. आधी भाकऱ्यांची दुरडी कुठे असते, मीठ कुठल्या डब्यात असतं, पाणी किती लागतं हे शिक. शेवटच्या पंगतीसाठी चांगला ऐवज बाजूला काढून ठेवणं हे तर वाढप्याच्या हातात असतं. दोन मांडे फडक्याखाली झाकून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

“पॅकेज किती मिळेल?” हा प्रश्न येणारच. ज्याला तो पडलाय त्याला आणखी एक करंजी वाढ आणि पुढे सरक. हातात भांडं असलं की उत्तर द्यायला थांबावं लागत नाही, हा एक मोठाच फायदा.

आता बॅगेतल्या जागेचं. परतताना आई तीन डबे देईल, नको म्हणू नकोस. चकल्या एकट्या डब्यात ठेव, लाडवांखाली त्यांचा भुगा होतो. अनारसे मऊ पडतात, ते दोन दिवसांत संपव, रूममेट मदत करतील. डबे पुढच्या खेपेला धुऊन परत ने, आणि रिकामे नेऊ नकोस, चिमूटभर साखर असली तरी चालते.

आणि येताना माझ्यासाठी किलोभर कळण्याचं पीठ आण. उडीद-ज्वारी घरच्या गिरणीवर दळलेली हवी. इथे मिळतं त्यात उडीद नावालाच असतो, भाकरी थापताना लगेच कळतं. पैसे देईन, घ्यावे लागतील.

तुझा,
सर