महाराष्ट्र पासिंगची कॅम्पर व्हॅन घेऊन बेळगाव भागात बारमाही राहता येईल का?

येईल, मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे फेरनोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. निपाणी-कागल अशी रोज ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सीमा जाणवतही नाही, म्हणूनच ही बाब हमखास राहून जाते.

पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर नुसत्या पाण्याचे वजन १०० किलो भरते, तेव्हा चोर्ला घाटाकडे निघताना ती निम्मीच भरावी. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे मोकळ्या रानात मुक्काम कृपया टाळा. त्या तांबड्या चिखलात मागची चाके रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ढगाळ हवेत सौर पॅनेलवर बॅटरीही पुरेशी भरत नाही.